दीक्षाविधी घाऊक नको

महोदय,

शाळांमधून स्काउट-गाइडचा दीक्षाविधी, म्हणजे वचन देऊन पथकात रीतसर दाखल होण्याचा सोहळा, हल्ली सर्रास उरकला जातो. माइकवरून वचन सांगायचे, मुलांनी एका सुरात म्हणायचे, फोटो काढला की झाले! खरे तर एकेकाने पुढे येऊन तीन बोटांच्या सलामीत वचन म्हणायचे असते. ईश्वर व देशाप्रती कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काउट नियमांचे पालन हे त्या वचनाचे तीन भाग. मग गळ्यात स्कार्फ आणि डाव्या हाताचे हस्तांदोलन. एखादा अडखळला तर शेजारचा हळूच शब्द पुरवतो. संघ तिथेच जुळतो. याला कर्मकांड म्हणून नाके मुरडणारेही आहेत, असोत. ७ नोव्हेंबर हा भारत स्काउट्स आणि गाइड्सचा स्थापना दिन. मुख्याध्यापकांनी निदान त्या दिवशी या विधीसाठी दोन तासिका द्याव्यात.

– एक माजी स्काउट, सातारा