सरकी आणि वाघ्याला एका घरात नांदवणाऱ्या अप्पांना

ती. अप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही मुलाकडे धुळ्याला राहायला गेलात, पण अमळनेरच्या आपल्या गल्लीत कुणाच्या गायी-म्हशीचं, शेळीचं काही दुखलं की अजूनही पहिला प्रश्न तोच असतो, "अप्पा कधी येणारेत?" पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त होऊनही तुम्ही कधी निवृत्त झालाच नाहीत. आमच्याकडून एक पैसा घेतला नाहीत, दिवाळीला दिलेलं शर्टपीस परत पाठवलंत, आणि आभार मानायला तोंड उघडलं की "चहा टाका" म्हणून विषय बदललात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. "कुत्रा आणि ससा एका घरात राहतात तरी कसे?" असं लोक विचारत राहतात. त्याचं श्रेय कुणाचं, ते एकदा नीट लिहून ठेवायचं होतं.

नणंदेची बदली झाली आणि सरकी आमच्याकडे आली. रंग करडा-पांढरा, अगदी जिनिंगमधून निघालेल्या सरकीसारखा, म्हणून लेकीने ते नाव ठेवलं. घरात वाघ्या आधीपासून होता. गावठी, तगडा, शेतात घुशी आणि मुंगसांमागे बांध तुडवत पळणारा. येणारा-जाणारा प्रत्येक जण हेच सांगत होता, की ससा तरी देऊन टाका, नाहीतर कुत्रं मळ्यात बांधा. तुम्ही मात्र आलात, ओट्यावर बसलात आणि सरकीकडे न बघता आधी वाघ्याची चौकशी केलीत. तोंडात धरलेली वस्तू सांगितल्यावर सोडतो का? कोंबड्या दिसल्या की काय करतो? मांजर पळालं तर हाक मारल्यावर मागे फिरतो का? मग म्हणालात, "काही कुत्र्यांना हे कधीच जमत नाही. तसं दिसलं तर मी तोंडावर सांगेन, मग वाईट वाटून घ्यायचं नाही." अप्पा, त्या एका वाक्याने आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास बसला. गोड बोलून धीर देणारे पुष्कळ होते. खरं सांगेन म्हणणारे तुम्ही एकटे.

पहिले कितीतरी दिवस तुम्ही त्यांना एकमेकांचं तोंडही बघू दिलं नाहीत. सरकी मागच्या खोलीत, वाघ्या पुढच्या पडवीत. तुमच्या जुन्या धोतराचे दोन तुकडे फाडलेत, एक सरकीच्या अंगाखाली, एक वाघ्याच्या गोणपाटावर, आणि मग त्यांची अदलाबदल. वाघ्याला त्या वासाशेजारी भाकरी, सरकीला त्या वासाशेजारी सुकं गवत. "कुत्रं नाकाने ओळख करून घेतं, डोळ्याने नाही," हे तुमचं म्हणणं आम्हाला तेव्हा कळलं, जेव्हा सरकीचं फडकं हुंगून वाघ्या त्याच्यावरच निवांत झोपायला लागला.

मग जाळीचं दार. आणि इथून पुढे तुम्ही जे शिकवलंत, त्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे, कारण आमच्या घरातल्या प्रत्येकाची नजर तुम्ही बदललीत. वाघ्या शेपटी हलवत होता म्हणून आम्ही खूष होतो. तुम्ही हळूच म्हणालात, शेपटी राहू द्या, तोंड बघा. तोंड मिटलेलं, कान पुढे, मान ताठ, अंगाचा भार पुढच्या पायांवर आणि नजर एका जागी खिळलेली. ही शिकारीआधीची नजर. ती तुटली पाहिजे. तुम्ही दोरी सैल धरून बसून राहिलात. ओढलं नाहीत, ओरडला नाहीत. वाघ्याने कंटाळून मान वळवली, जीभ ओठांवरून फिरवली, जमीन हुंगली, आणि त्याच क्षणी तुमच्या हातातला उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्या तोंडात. नजर काढली की अंडं. एवढंच, पुन्हा पुन्हा. आधी बोरी नदीच्या काठाने लांबवर फिरवून आणून त्याला दमवायचं, मग समोर बसवायचं. शेजारच्या काकांनी "दोन काठ्या हाणा, सरळ येईल" असा सल्ला दिला तेव्हा तुम्ही अहिराणीत म्हणालात, "त्याना काय गुन्हा से?" आणि मग आम्हाला समजावलंत, की सरकी दिसली की मार बसतो एवढंच त्याच्या डोक्यात बसलं, तर तो तिचाच राग धरेल.

सरकीचं वाचणं आणखी अवघड होतं, कारण ससा ओरडून सांगत नाही. जाळीपलीकडे ती एका जागी गप्प बसली की आम्हाला वाटायचं, किती शांत आहे. तुम्ही दाखवलंत, की डोळे बाहेर आलेत, कान पाठीला चिकटलेत, पोट जमिनीला दाबलंय. ही शांतता नाही, ही भीतीने थिजलेली आहे. मागचा पाय जमिनीवर आपटला तर तो धोक्याचा इशारा, तिथेच भेट थांबवायची. आणि खरी निवांत झाली की काय करेल तेही सांगितलंत: पुढच्या पायांनी तोंड धुवेल, वाघ्या समोर असताना गवत खाईल, कुशीवर पाय ताणून पडेल. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मागून येणारंही त्याला दिसतं. मग ती बघत नाही असं समजून वाघ्याला मागून आणण्यात अर्थच नव्हता. वेळसुद्धा तुम्ही विचार करून दुपारची निवडलीत. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला उड्या मारत पळतो, आणि पळणारं काहीही दिसलं की कुत्र्याचे पाय राहत नाहीत.

लेक सरकीला उचलून वाघ्याच्या नाकाशी धरायला निघाली तेव्हा तुम्ही तिला जवळ बसवून घेतलंत. उचललेल्या सशाला पळायला जागा नसते, तो घाबरून मागच्या पायांनी जोरात लाथ मारतो, आणि त्यात त्याचाच मणका मोडू शकतो. "तिले येऊ द्या, तुम्ही नेऊ नका." हे वाक्य आमच्या घरात आता सगळ्याच बाबतीत वापरलं जातं.

गल्लीतल्या पोरांना तुम्ही सांगितलेली गोष्टही इथे लिहिते, कारण ती मला फार आवडली. आपल्या कपाशीच्या, तुरीच्या शेतांतून उड्या मारत जातो तो ससा वेगळा आणि सरकी वेगळी. शेतातला बीळ खणत नाही, झुडपाच्या आडोशाला उघड्यावरच राहतो, त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. पाळीव सशाचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे. त्यांची पिल्लं उघडीबोडकी आणि आंधळी जन्माला येतात. शेतातलं पिल्लू धरून आणून पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही तुम्ही पोरांना बजावलंत. सरकीच्या रक्तातच बीळ आहे हे कळल्यावर तुम्ही केळीचं रिकामं खोकं आणलंत आणि त्याला एक नाही, दोन दारं कापलीत. एकच दार असेल तर तो सापळा होतो. दारं एवढीच मोठी, की सरकी जाईल आणि वाघ्याचं फक्त नाक जाईल. ते खोकं आलं आणि तिची भीती निम्मी झाली. आपल्याला पळून जायला जागा आहे हे कळल्यावरच ती वाघ्याच्या दिशेने स्वतःहून यायला लागली.

मग आला आपला उन्हाळा. पारा पंचेचाळीसकडे झुकलेला, पत्रे तापलेले. कुत्रा जीभ काढून धापा टाकत तरी स्वतःला थंड करतो. सशाला घाम येत नाही, त्याची बरीचशी उष्णता कानांवाटे बाहेर पडते, आणि तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो. तुमच्या सांगण्यावरून आम्ही सरकीला कूलरच्या खोलीत आणलं, पाण्यात भिजवलेली कौलं पसरली, बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. खोली एकच गार, म्हणून वाघ्याही तिथेच, जाळीच्या अलीकडे, दोरी बांधून. त्या भर दुपारी मी स्वयंपाकघरातून डोकावले तर सरकी जाळीला पाठ लावून कौलावर आडवी झालेली, मागचे पाय सरळ ताणलेले, आणि जाळीच्या या बाजूला तिच्याच पाठीला टेकून वाघ्या. त्याचा श्वास लागून तिचे केस हलत होते, तरी तिने कान सुद्धा हलवला नाही. मी तुम्हाला फोन केला तेव्हा मला रडू आवरत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "चांगलं आहे. दार अजून उघडू नका."

गोचिडांचं औषध. अप्पा, यासाठी तर किती आभार मानू? वाघ्याला गोचीड झाले म्हणून दुकानातून फवारा आणला होता. तुम्ही चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचलीत आणि बाटली खिशात घातलीत. त्यात फिप्रोनिल होतं. कुत्र्याला चालतं, सशाचा जीव घेऊ शकतं. सरकीच्या अंगावर मारायचं तर नाहीच, पण फवारलेल्या वाघ्याला ती चाटली तरी धोका. डॉक्टरांकडून दुसरं औषध लिहून आणेपर्यंत तुम्ही चिमट्याने एकेक गोचीड काढत बसलात. ज्यांच्या घरी दोन्ही जनावरं आहेत त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं, एवढ्यासाठी तरी हे पत्र फिरावं असं मला वाटतं.

आणि ती सकाळ, जेव्हा सरकीने गवताला तोंड लावलं नव्हतं, कोथिंबिरीलाही नाही, आणि खोक्याजवळ लेंड्या दिसत नव्हत्या. माणसाचा उपवास असतो, सशाचा नसतो, असं तुम्ही म्हणालात. त्याचं आतडं सतत चालतं राहायला हवं. अर्धा दिवस काही खाल्लं नाही तरी जिवावर बेतू शकतं. संध्याकाळपर्यंत वाट न बघता तुम्ही स्वतः आमच्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यात आलात. ती वाचली ती वेळेवर नेल्यामुळे, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून सकाळी उठल्यावर लेक आधी गवत किती खाल्लं ते बघते, मग दात घासते. लोक हौसेने केळी घेऊन येतात, आपल्याकडे केळ्यांना काय तोटा, पण सरकीला बोटाच्या पेराएवढाच तुकडा, तोही कधीतरी. बाकी गवत, गवत आणि गवत.

आता जाळीचं दार आम्ही समोर असताना उघडं असतं. वाघ्या आत येतो, खोकं हुंगतो आणि पसरतो. सरकी त्याच्या पाठीवरून पलीकडे जाते. तरीही घराबाहेर पडताना दार बंद, रात्री दार बंद. पाहुणे म्हणतात, एवढं जमलंय तर आता कशाला? आम्ही तुमचं नाव सांगतो. दाताने एकदा धरलं की मागे घेता येत नाही, असं तुम्ही सांगून ठेवलंय, आणि आम्हाला ते पटलंय.

एक विचारायचं आहे. सरकी हल्ली वाघ्याच्या पाण्याच्या ताटलीला, त्याच्या गोणपाटाला हनुवटी घासते. ससे तशी आपल्या वासाची खूण करतात, हे तुम्हीच सांगितलं होतं. पण परवा तिने थेट वाघ्याच्या पंजावरच हनुवटी घासली आणि त्याने पंजा हळूच मागे घेतला. त्याला ते नकोसं झालं असेल का? अशा वेळी आम्ही तिला बाजूला करायचं, की त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं? फोनवर सांगितलंत तरी चालेल. पण थंडीत भरताची वांगी आली की कळण्याच्या पुऱ्या करते, तेव्हा याल तर स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगा. काकूंनाही घेऊन या.

आपली,
समोरच्या घरातली सूनबाई, आणि सरकी-वाघ्याच्या घरची सगळी मंडळी
अमळनेर