विश्वास आधी, कृत्ये मागाहून

संपादक महोदय,

विश्वासाने नीतिमान (म्हणजे देवापुढे निर्दोष) ठरण्याचा विषय निघाला की बायबलच्या नव्या करारातले पत्रलेखक पौल आणि याकोब यांची झुंज लावली जाते: पौल म्हणतो माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, याकोब म्हणतो केवळ विश्वासाने नव्हे, कृत्यांनीही. ते बरोबर नाही. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल क्रमावर बोट ठेवतो: अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तो बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात, 15:6 मध्ये, सुंतेची आज्ञा आली ती 17व्या अध्यायात. याकोब बोलतो ते 22व्या अध्यायातल्या, आपला मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवणाऱ्या अब्राहामाबद्दल. तिथे आधीचाच विश्वास कृतीत उतरला. हा क्रम उलटला की माणूस आपल्या सत्कृत्यांचा हिशेब मांडत बसतो, आणि तो कधीच पुरेसा वाटत नाही. कॅथलिक व लूथरन (प्रोटेस्टंट) प्रतिनिधींनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्ग येथे याच विषयावरच्या ज्या संयुक्त जाहीरनाम्याला मान्यता दिली, त्यातही सत्कृत्ये ही नीतिमान ठरण्याची फळेच मानली आहेत.

— एक वाचक