काका, त्या नाडीच्या गाठीबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण हे पत्र चारचौघांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे, तिला नाही म्हणू नका. अमेरिकेतल्या फिनिक्सहून, मुलीकडून येऊन बॅगासुद्धा अजून नीट उपसल्या नाहीत. मुलीचा फोन आला की आम्ही दोघी आधी तुमच्याबद्दलच बोलतो.

मागच्या वेळी तिच्या गॅलरीतून कॅमलबॅक पाहिला तेव्हाच तो डोंगर मनात बसला होता. लालसर, उघडाबोडका, उंट बसावा तसा. शिखर ८२४ मीटरचं, पायथ्यापासूनचा चढ साधारण ४०० मीटरचा. आकडे ऐकून लोक म्हणतात, एवढंच? पण वर जाणारी एको कॅन्यन नावाची वाट म्हणजे उभे खडक. काही ठिकाणी लोखंडी कठड्याला धरून अंग वर ओढावं लागतं. सावली जवळजवळ नाहीच.

तयारी कशी करायची हे आपल्या गावात विचारत हिंडले. एक ट्रॅव्हल्सवाले म्हणाले, "मॅडम, वाळवंटात बघायचं काय? लास वेगास करून या." डोंगरात माणसं नेणाऱ्या एका गृहस्थांनी माझं वय विचारलं आणि पुढे काहीच विचारलं नाही. बुटाच्या दुकानात घट्ट बसणारा जोड "हाच बरोबर" म्हणून गळ्यात मारला. उद्धट कोणीच नव्हतं. पण पन्नाशी ओलांडलेल्या एका शाळेतल्या बाईंना खरंच चढायचंय, हे एकालाही खरं वाटलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुमची ओळख ना पाळख. तुम्ही लेकीकडे असताना तो डोंगर चढला होतात एवढंच कानावर होतं. तुमचा पहिला प्रश्न होता, "जाणार कुठल्या महिन्यात?" मे म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली. मी म्हटलं, आम्हा सोलापूरकरांना ४३-४४ अंश नवीन नाहीत. तेव्हा तुम्ही गॅलरीतल्या दोरीकडे बोट दाखवलंत. "मे महिन्यात हा टॉवेल बघता बघता वाळतो ना? तिथे अंगावरचा घाम तसाच वाळतो. घाम दिसत नाही, म्हणून माणसाला वाटतं आपलं पाणी गेलंच नाही." २०२३ साली त्या शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या पुढे होता, हेही तुम्हीच सांगितलंत. उजाडता उजाडता चढायला लागायचं. उष्णतेचा मोठा इशारा आला की तिथली महापालिका भर उन्हाच्या वेळेत वाट बंद करते, त्या दिवशी हट्ट धरायचा नाही. निम्मं पाणी संपलं की शिखर समोर असलं तरी माघारी फिरायचं. नुसतं पाणी ढोसायचं नाही, पोटात खारट काहीतरी हवंच. मग कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर आपलं एकमत झालं. आणि पिशवीत कंगवा! चोला नावाच्या निवडुंगाचे काटे बोटांनी काढायला गेलं तर बोटांतच रुततात, ते कंगव्याने उपटायचे. हे मला दुसरं कोण सांगणार होतं?

पण काका, माझ्या मनात घर केलंय ते वेगळ्याच गोष्टीने.

तुमच्या सांगण्यावरून बूट बदलून एक नंबर मोठे आणले आणि दाखवायला आले. तुम्ही म्हणालात, बसा, पाय पुढे करा. आणि गुडघा दुखत असतानाही एक हात फरशीवर टेकून तुम्ही खाली बसलात. माझ्या वडिलांच्या वयाचे तुम्ही. मी पाय मागे घेतला, तर म्हणालात, "अहो ताई, पाय ओढू नका, नीट बघा." नाडी सगळ्यात वरच्या भोकातून त्याच बाजूने आत घालून छोटा फास केलात, समोरच्या बाजूची नाडी त्यातून ओवलीत, घोट्याशी ताणलीत आणि मग गाठ मारलीत. "चढताना काही कळत नाही. उतरताना बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात. टाच मागे धरून ठेवायला ही गाठ." मग जिन्यापर्यंत आलात, मला दोन मजले उतरायला लावलंत आणि वरून विचारत राहिलात, "टाच हलते का? आता?"

माझ्या पायाची इतकी काळजी माझी आई गेल्यावर कोणी केली नव्हती.

आम्ही शिखरावर पोचलो. मे महिना असल्याने खाली सवारो नावाच्या उंच निवडुंगांच्या माथ्यावर पांढरी फुलं होती. रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात, त्यामुळे पहाटे निघालेल्यांनाच ती अशी टवटवीत दिसतात. उतरताना लेकीची बोटं सोलवटली, माझी दहाही शाबूत. वाटेतल्या एका दगडावर बसून मग मी तिच्या बुटाला तीच गाठ मारली.

काका, माहिती देणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याची इच्छा आपलीच समजून तिच्यासाठी खाली बसणारी माणसं फार थोडी, आणि आपल्या सोलापुरात ती आहेत याचा मला अभिमान वाटतो.

आता एक काम. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा मुलगाही तिकडेच असतो आणि त्यांनाही हा डोंगर चढायचाय. त्यांनाही वय विचारून झालंय. मी त्यांना मोठ्या नंबरचे बूट घ्यायला लावलेत. रविवारी सकाळी त्यांना घेऊन येते, घरी असाल ना?

तुमची,
ताई