तोडण्यापूर्वी काडी घेऊ द्या : उद्यान अधीक्षकांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

आम्ही गच्चीत, गॅलरीत, सोसायटीच्या कुंपणालगत फळझाडे वाढवणारे हौशी लोक. कोणाचे ड्रममधले लिंबू, कोणाचा चिकू. आमच्यातल्या एक काकू तिसऱ्या मजल्यावर अंजिरे पिकवतात आणि कावळ्यांशी भांडतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही जुन्या वाड्या आणि बागा बघायला निघतो. वसईला राजेळी केळ्यांची सुकेळी कशी वाळवतात ते पाहिले, बावखलांच्या, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्यांच्या, पाण्यावर पोसलेल्या वाड्या हिंडलो. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू झाडाखाली बसून खाल्ला. त्या झाडांची काळजी वाटत नाही. त्यांना मालक आहेत आणि मालकांना झाडाची किंमत कळते. काळजी वाटते ती मुंबईतल्या म्हाताऱ्या फळझाडांची. ती तोडण्याआधी त्यांची काडी, म्हणजे कलम बांधायला लागणारी बारीक फांदी, आम्हाला घेऊ द्यावी, यासाठी हे पत्र.

माझगावचेच बघा. इथल्या आंब्याचे नाव एके काळी सातासमुद्रापार गेले होते. मुंबई बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, त्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने आपल्या मुंबईतल्या वाडीत वर्षातून दोनदा फळणारा आंबा असल्याचे लिहून ठेवले आहे. त्याचा ग्रंथ गोव्यात 1563 साली छापला गेला. दोन बहार धरणाऱ्या झाडांची ख्याती पुढे इंग्रजांच्या काळातही माझगावला चिकटलेली होती. आम्ही माथारपाखाडीच्या गल्ल्यांतून फिरलो, भंडारवाड्याच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात चढून गेलो. बंदर दिसले, लोकलचे रूळ दिसले. दोनदा फळणारा आंबा कुठे होता, हे सांगणारी साधी पाटीसुद्धा दिसली नाही. त्या झाडाची कलमे कोणी वेळेवर बांधून जपली असती, तर आज ती जात एखाद्या गच्चीत डिसेंबरात मोहोराऐवजी आंबे दाखवत उभी असती.

गिरगावात फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी आहेत. फणस, केळी आणि आंबे मात्र आता हातगाडीवर.

भायखळ्याच्या राणीबागेची गोष्ट जरा बरी. 1862 साली खुली झालेली ही बाग शोभेपुरती नव्हती. ज्या कृषी-उद्यान मंडळाने ती उभारली, त्याची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली. उपयोगी झाडे लावून बघायची, ती इथल्या मातीत रुजवायची, हे त्या मंडळाचे काम. आजही तिथे इतके काही आहे की आमची फेरी दुपारपर्यंत संपत नाही. पेंग्विन बघायला आलेल्यांना गोरखचिंचेचे आंबटसर फळ खातात, हे कोणीतरी सांगायला हवे एवढेच.

आता मुद्द्यावर येतो. हापूसचे झाड पडले तर वाईट वाटते, पण हापूस जात नाही. कलमांनी तो कोकणभर पसरला आहे. रायवळ आंब्याचे तसे नाही. तो कोयीपासून उगवतो, म्हणून प्रत्येक रायवळ वेगळा. एक चोखायला गोड, एकाला शेपूचा वास, एक फक्त लोणच्याच्या कामाचा. असे झाड तोडले की ती चव कायमची संपते. बदल्यात तुम्ही कितीही रोपे लावलीत, तरी ती रोपे त्या झाडाची नसतात. वृक्ष कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हटले आणि झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली. स्वागतच आहे. पण वय मोजता येते, चव मोजणारा रकाना फॉर्ममध्ये नाही. पालिकेच्या वृक्षगणनेत सुमारे 29.75 लाख झाडे नोंदली गेली. त्यांतल्या आंब्यापुढे ‘आंबा’ एवढेच लिहिलेले असते.

1975 च्या वृक्ष कायद्यानुसार झाड तोडण्याआधी जाहीर नोटीस द्यावी लागते, ती झाडावरही चिकटवावी लागते, आणि परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस कुऱ्हाड चालवता येत नाही. हे पंधरा दिवस आम्हाला हवे आहेत. आंब्याच्या काडीची पाने देठ ठेवून आठ-दहा दिवस आधी छाटली की टोकाचा डोळा फुगतो. मग काडी काढायची, ओल्या कापडात गुंडाळायची आणि रोपाच्या चिरेत पाचरीसारखी बसवून पाचर कलम बांधायचे. कायद्याचा अवधी आणि झाडाचा अवधी इतका जुळतो की, कायदा लिहिणाऱ्यांत एखादा माळी असावा असा संशय येतो.

तेव्हा विनंती अशी, की जुन्या फळझाडावर लागणाऱ्या नोटिशीतच एक ओळ वाढवावी : कलमासाठी काड्या हव्या असणाऱ्यांनी अमुक दिवशी, अमुक वेळी, उद्यान खात्याच्या माणसासमोर यावे. शेजारपाजारच्या जुन्या रहिवाशांना विचारून फळ कसे लागते, कधी पिकते, कशासाठी वापरतात, हे दोन ओळींत नोंदवावे. माझगावात बिंबल हे आंबट फळ कुठल्या मासळीत घालायचे, हे तिथल्या एखाद्या आजीइतके कोणाला माहीत असणार? आणि तयार झालेल्या कलमांतले एकेक राणीबागेच्या एखाद्या कोपऱ्यात लावावे. इंग्लंडातल्या केंटमध्ये ब्रॉगडेलला सफरचंदाच्या दोन हजारांहून अधिक जाती अशाच एका ठिकाणी जपल्या आहेत. आपल्याला सुरुवातीला अर्धा वाफाही पुरेल.

या निमित्ताने लोक फांद्या मोडतील, अशी शंका तुमच्या खात्यातून येईल. काडी पेन्सिलीच्या जाडीची लागते आणि झाड तसेही तोडायचेच ठरलेले असते. दुसरी शंका नेहमीची : फळझाड म्हटले की मुले दगड मारतात, रस्त्यावर चिखल होतो, गाड्यांवर जांभळे पडतात. खरे आहे. म्हणून ही कलमे रस्त्याकडेला लावा, असे आम्ही म्हणतच नाही. पण उद्यानांत लॉनला जागा मिळते आणि जांभळाला मिळत नाही, हे काही पटत नाही.

झाड तोडू नका, असे म्हणणारे पत्र तुम्हाला रोजच येत असेल. त्यातल्या पुष्कळांवर आमच्याही सह्या असतात. हे पत्र त्याच्या पुढच्या टप्प्याचे आहे.

कलमे पावसाळ्यात चांगली धरतात. मे अखेरीपर्यंत परिपत्रक निघाले, तर याच हंगामात काम सुरू होईल. रोपे, चाकू, पट्ट्या आणि माणसे आमची. पालिकेने फक्त तारीख कळवावी.

आपला,
फळझाडे लावणाऱ्या मुंबईतल्या एका हौशी मंडळाचा सभासद