पत्ता शेवटाकडून वाच

जिनिव्हा,
दिवाळी पाडवा

ती. आईस सा. न.

सकाळी फोनवर तू फराळाचं बोललीस, गुडघ्याचं बोललीस, लॅपटॉपचा विषय मात्र टाळलास. मग बाबांनीच सांगितलं. काकांना निफाडच्या शेताचा सातबारा हवा होता, म्हणून तू काढायला बसलीस आणि कुठल्याशा साइटने साडेतीनशे रुपये घेऊन हातावर तुरी दिल्या. तेव्हापासून लॅपटॉप कपाटात गेलाय. पैशांचं काही नाही गं. पण तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवणारी तू, "माझ्याच्याने नाही व्हायचं आता" म्हणालीस म्हणे. ते मला फार लागलं.

चूक तुझी नाही, माझी आहे. मे महिन्यात आले तेव्हा निघायच्या घाईत "इथे टाइप कर आणि वर येईल ते दाब" एवढंच सांगून मी विमानतळ गाठला. म्हणून आज कागदावर लिहितेय. हे पत्र लॅपटॉपशेजारी उघडं ठेवता येईल.

आधी एक गोष्ट सोडवून घेऊ. तू म्हणतेस "गूगल उघडलं". उघडतेस ते ब्राउझर, म्हणजे पानं दाखवणारा प्रोग्राम. गूगल ही त्यात उघडणारी एक साइट, शोधून देणारी. बाबा मला सार्वजनिक वाचनालयात न्यायचे ते आठवतं? १८४० पासूनचं ते वाचनालय. तिथे दोन रस्ते होते. पुस्तकाचा नंबर माहीत असला तर चिठ्ठीवर लिहून द्यायचा, नसला तर काउंटरवरच्या काकांना विचारायचं. ब्राउझरमध्येही तसंच. सगळ्यात वरच्या लांबट पट्टीत, म्हणजे ॲड्रेस बारमध्ये, पूर्ण पत्ता टाइप केलास की थेट त्या जागी पोचतेस. नुसतं "सातबारा उतारा" लिहिलंस तर ती चौकशी होते. फरक एवढाच, की काउंटरवरच्या काकांनी कधी कुणाकडून पैसे घेऊन पुस्तक पुढे केलं नाही. इथे वरचे काही निकाल पुष्कळदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते. त्यांच्यावर बारीक अक्षरात "प्रायोजित" किंवा इंग्रजीत "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं असतं. त्या दिवशी तू पहिलाच निकाल दाबलास, कारण मी तेच शिकवलं होतं.

आता मुख्य गोष्ट. ही सावकाश वाच.

पाकिटावर पत्ता लिहिताना तू आधी घराचं नाव लिहितेस, मग गल्ली, मग पंचवटी, नाशिक, महाराष्ट्र. लहानाकडून मोठ्याकडे. टपालखातं मात्र आधी राज्य बघतं, मग गाव, मग गल्ली. वेबचा पत्ताही तसाच शेवटाकडून वाचायचा. सातबाऱ्याची सरकारी साइट आहे "भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन". शेवटून घे. "इन" म्हणजे भारत. "गव्ह" म्हणजे सरकार, आणि "गव्ह डॉट इन" हे शेपूट सरकारी कार्यालयांनाच मिळतं, खासगी माणसाला नाही. मग "महाभूमी", मग "भूलेख". पत्त्याचा शेवट म्हणजे पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा शब्द, तिच्या पुढचं काहीही असलं तरी फसू नको. भामटे काय करतात, "महाभूमी", "गव्ह" हे शब्द सुरुवातीला ठळक घालतात आणि शेवटी हळूच भलतंच "डॉट कॉम" लावतात. आपण डावीकडून वाचतो, पहिले दोन ओळखीचे शब्द दिसले की डोळा पुढे सरकतो. तिथेच गोची होते.

तुझ्या पेन्शनच्या बँकेचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून २०२५ मध्ये आपल्या बँकांनी पत्त्याचं शेपूट "बँक डॉट इन" केलंय. ते बँकांखेरीज कुणाला मिळत नाही.

आणि कुलपाच्या चित्रावर विसंबू नकोस. त्याचा अर्थ इतकाच, की तू आणि ती साइट यांच्यातलं बोलणं वाटेत कुणी वाचू शकत नाही. साइट कुणाची आहे हे कुलूप सांगत नाही. भामटाही कुलूप लावतोच.

भूलेखवर नुसता उतारा बघायला पैसे पडत नाहीत. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर घालायचा, चित्रातली अक्षरं टाइप करायची. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. कुठे १५ आणि कुठे साडेतीनशे! बरोबर पान उघडलं की पट्टीच्या उजव्या टोकाचा तारा दाब. तो बुकमार्क. पोथीत तू मोरपीस ठेवतेस तसाच. पुढच्या वेळी शोधत बसायला नको.

पण सरावाला सातबारा नको. सरावासाठी एक जागा सांगते, माझ्या अगदी जवळची. इथल्या स्टेशनवरून १८ नंबरची ट्राम धरली की शेवटचा थांबा सर्न, भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा. तिथेच १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना लिहून दिली. देशोदेशीचे शास्त्रज्ञ, प्रत्येकाचं कॉम्प्युटर वेगळं, एकाचे कागद दुसऱ्याला सापडत नव्हते, त्यावर हा उपाय. त्यांच्या साहेबांनी त्या कागदावर शेरा मारला होता, "मोघम, पण रोमांचक". १९९० संपता संपता पहिला ब्राउझर तयार झाला, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने हे सगळं जगाला फुकट देऊन टाकलं. मी पहिल्यांदा त्या आवारात गेले तेव्हा मला तूच आठवलीस. कुणाला विचारत बसावं लागू नये म्हणून ही वस्तू बनली, आणि माझी आई तिला घाबरून कपाटात ठेवते, हे मला सहन होत नाही.

त्या पहिल्या साइटचा पत्ता अजून चालतो. पट्टीत टाइप कर, "इन्फो डॉट सर्न डॉट सीएच". स्पेलिंग पत्रामागच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. "सीएच" म्हणजे स्वित्झर्लंड, बघ, शेवटून वाचता आलं! अगदी साधं पान आहे, जाहिरात नाही, पैसे भरायचं काही नाही. ब्राउझर कदाचित "सुरक्षित नाही" म्हणेल, कारण तिथे ते कुलूप नाही. तिथे काही भरायचंच नाही, म्हणून चालेल. चार-पाच ओळी आहेत, एकीवर क्लिक कर, पुढे जा, मग डावीकडच्या उलट्या बाणाने परत ये. दहादा कर. त्या बाणाची सवय लागली की हरवण्याची भीती जाते.

अक्षर बारीक वाटलं तर कंट्रोल धरून अधिकचं बटण दाब. लांबलचक पानात काही सापडेना तर कंट्रोल आणि एफ, मग शब्द लिही. चुकून टॅब बंद झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी, परत येतो. "नोटिफिकेशन पाठवू का" असं कुणीही विचारलं तर नाहीच म्हण. आणि पुन्हा कधी पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नकोस. लगेच १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन कर, जितक्या लवकर करशील तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. बाबांनाही हा नंबर फ्रिजवर चिकटवायला सांग.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. लॅपटॉप टेबलावर काढून ठेव. मी फक्त बघणार, हात तुझाच. गट नंबर तुझ्या निळ्या वहीत शेवटच्या पानावर आहे. काकांना आजच कळव, त्यांचा उतारा तूच काढून देणार आहेस.

बाबांना नमस्कार.

तुझी लाडकी लेक