भाषणे पुरेत, मुलांना काम दाखवा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी करिअर मार्गदर्शनाचे मेळावे भरतात. मीही तीन-चार वेळा त्या व्यासपीठावर बसलो आहे. शाल, नारळ आणि वीस मिनिटांचे भाषण. भूमी अभिलेख खात्यात ३४ वर्षे नोकरी करून निमतानदार, म्हणजे भूकरमापकांची मोजणी तपासणारा, म्हणून निवृत्त झालो. भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीनमोजणीदार, व्हायला स्थापत्याची पदविका किंवा दहावीनंतर आयटीआयचा सर्व्हेअर कोर्स लागतो, टायपिंग लागते, हे मी मुलांना सांगायचो. मुले वहीत उतरवून घ्यायची. भूकरमापकाचा दिवस कसा जातो, हे मात्र मला कधी सांगता आले नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी आमच्या हायस्कूलचे गणिताचे सर घरी आले. म्हणाले, ‘‘भाषण नको, नववीच्या चार मुलांना एक दिवस मोजणीला न्या.’’ वरिष्ठांची, पालकांची आणि ज्यांची जमीन होती त्या अर्जदाराची परवानगी काढली. दोन मुली, दोन मुलगे. सकाळी आठला आम्ही बांधावर.

पहिला दीड तास काहीच घडले नाही. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या होत्या, पण एक जण यायचा होता. मुले कंटाळली. मी त्यांना तसेच बसू दिले, कारण आमच्या कामात हे वाट बघणे रोजचे आहे. मग त्यांच्यासमोर जुन्या टिपणाची, म्हणजे शेताच्या पूर्वीच्या मोजणीच्या कागदाची, नक्कल उघडली. त्यावरची मापे साखळी-आण्यांत असतात. एक साखळी म्हणजे ३३ फूट, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. गुंठा हा शब्द चौघांनाही घरातून माहीत होता, तो साखळीतून आला हे माहीत नव्हते. पूर्वेच्या बांधाला टिपणात १२ साखळ्या ४ आणे होते. एका मुलाने मातीतच काडीने हिशेब मांडला, ४०४ फूट ३ इंच. मुलीने त्याचे मीटर केले, १२३ मीटर २२ सेंटिमीटर.

तोवर खातेदार आले. रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या आधारे जागा टिपणारे यंत्र, लावला, त्याच्या दांड्यावरचा बुडबुडा मध्यात आणायचे काम मुलांना दिले. दोन्ही टोकांचे बिंदू घेतले आणि मधले अंतर काढले तर १२२ मीटरच भरले. मुले माझ्याकडे बघायला लागली. सव्वा मीटर गेला कुठे? त्याच सव्वा मीटरवरून अर्जदार आणि हे खातेदार, दोघे भाऊ, नऊ वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. थोड्या वेळाने आवाज चढले. मी मुलांना आंब्याखाली बसवले आणि मध्ये जाऊन उभा राहिलो. कोणाची हद्द कुठे, हे लगेच सांगायचे नसते. घेतलेली मोजणी कार्यालयात टिपणाशी, गटाच्या नकाशाशी जुळवायची आणि मगच खुणा दाखवायच्या. तोवर दोघांचेही ऐकून घ्यायचे.

दुपारी दोन्ही घरांतून जेवणाचे बोलावणे आले. मी माझा डबा उघडला. तेव्हा एका मुलीने विचारले, ‘‘काका, तुम्ही कोणाकडेच जेवत नाही?’’ मी म्हणालो, नाही, एकाचे पाणी प्यायलो तरी दुसऱ्याच्या मनात शंका येते. ती बराच वेळ गप्प होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल यापेक्षा नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

संध्याकाळी परतताना एक मुलगा म्हणाला, मला हे काम नको, भांडणे बघवत नाहीत. मला त्याचे वाईट वाटले नाही. माझ्या स्वतःच्या मुलाने आमच्या आग्रहाखातर अभियांत्रिकी घेतली आणि हे आपले काम नव्हे, हे त्याला तिसऱ्या वर्षी साइटवर गेल्यावर कळले. ती तीन वर्षे आणि तो मनस्ताप मी जवळून पाहिला आहे. नववीतल्या त्या मुलाला तेच एका दिवसात कळले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. त्यात सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे मुलांनी शिकायला जावे, असे म्हटले आहे. अशी संधी बारावीपर्यंत देता येईल, असेही त्याच धोरणात आहे. माझे म्हणणे असे, की नववीला हे दिवस जरूर द्यावेत, कारण पुढे दहावी झाली की त्यांना वाट निवडायची असते. आणि पन्नास मुलांची सहल नको. चार मुले, एक माणूस, त्याचा नेहमीचा दिवस. गुरांच्या दवाखान्यात, एसटीच्या आगारात, ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, अंजिराच्या पॅकिंग शेडमध्ये. धोक्याच्या यंत्रांना हात लावू देऊ नये, लांबून बघू द्यावे. यजमानाने त्या दिवशी कामाची जागा सजवू नये आणि मुलांसाठी काम थांबवूही नये. शाळांना अडचण येते ती माणसे मिळण्याची. ‘कोण वेळ देणार?’ असे मुख्याध्यापक विचारतात. निवृत्त लोक देतील आणि नोकरीतलेही देतील, त्यांना कोणी विचारायला तर हवे.

सुरुवात माझ्यापासून करतो. माझी ३० गुंठ्यांची अंजिराची बाग आहे. दिवाळीनंतर पुरंदर तालुक्यातल्या ज्या शाळेला हवे असेल, तिने नववीची चार-चार मुले पाठवावीत. टेप, क्रॉस-स्टाफ (काटकोन साधायचे साधन) आणि कागद माझा. बागेचा बांध मुले स्वतः मोजतील, नकाशा स्वतः काढतील आणि सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी पडताळून बघतील. येताना प्रत्येकाने डबा आणावा.

आपला,
एक निवृत्त निमतानदार,
ता. पुरंदर, जि. पुणे