मालिकेत तुम्हाला मारायचं म्हणतात

छत्रपती संभाजीनगर

ती. अण्णा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर अण्णा दोन मिनिटांत "बरं, ठेवतो, गिऱ्हाईक आलंय" म्हणतात आणि आई स्पीकर लावून भांडी घासत ऐकते. म्हणून लिहायला बसले. आई, तू मोठ्याने वाच आणि अण्णांना मध्ये बोलू देऊ नकोस.

मालिकेचं काम मिळालंय हे तुम्हाला माहीत आहेच. विनोदी, घरगुती, सिटकॉम म्हणतात तशी. तीन भावंडं समुद्रकिनारी आइस्क्रीमचं दुकान चालवतात, एवढी एक ओळ मुंबईच्या मालिकावाल्यांकडे तयार होती. लिहिणारं माणूस हवं होतं. माझ्या कागदांमध्ये "वडिलांचे आइस्क्रीमचे दुकान, अंबाजोगाई" असं एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं, त्यावर काम मिळालं. विद्यापीठातून नाट्यशास्त्र केलं ते खालच्याच ओळीत होतं. तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता अडचण अशी की त्यांना आई-वडील मेलेले हवेत.

आई, घाबरू नकोस. पहिला भाग सुरू होण्याआधीच वारलेले, दुकानात गल्ल्यामागे हार घातलेला फोटो, झालं. मी विचारलं, कशासाठी? तर त्यांचं म्हणणं, आई-वडील जिवंत असले की गोष्ट चालत नाही. अर्ध्या तासाचा भाग, जाहिराती वजा जाता हातात २२ मिनिटं. भांडण २२ मिनिटं पुरलं पाहिजे. घरात बाप असला की पोरं सातव्या मिनिटाला "बाबांना विचारू" म्हणतात, बाप सांगतो आणि भाग संपतो. जगभर भावंडांच्या मालिकांमध्ये आई-वडील एक तर वारलेले असतात नाही तर लांब गेलेले, ते उगाच नाही. मला आधी राग आला. मग पटलं. पण फोटोला हार घालायला हात धजेना.

मी म्हटलं, काशीला पाठवा. ते म्हणाले, काशीला कुणी २०० भाग राहत नाही. शेवटी उलटं केलं. आई-वडील अंबाजोगाईतच राहिले आणि पोरं समुद्राकडे गेली. आपली योगेश्वरी देवी कोकणातून परळीच्या वैद्यनाथाशी लग्न लावायला निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि ती इथेच राहिली. मी तीच वाट उलटी चालवली, माणसं इकडून तिकडे धाडली. मीटिंगमध्ये ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे एकदम गप्प झाले आणि मग एक जण म्हणाला, "हे पहिल्या भागात घ्या." हत्तीखान्याच्या लेण्यांत चित्रीकरण होईल का, असंही विचारलं. मी म्हटलं, बघू.

समुद्रकाठची माणसं लिहायला मला काही जड गेलं नाही, कारण मार्गशीर्षात देवीच्या उत्सवाला येणारे कोकणातले भाविक मी लहानपणापासून पाहतेय. कुलदेवीचं दर्शन झालं की थेट आपल्या दुकानात. बाहेर हुडहुडी भरलेली, आपण मफलर गुंडाळून बसलेलो, आणि ते कुडकुडत सीताफळ आइस्क्रीम मागायचे. अण्णा म्हणायचे, "ह्यांच्याकडं थंडी नसतीच, मग इथं आले की हौस फेडायलेत." ते वाक्य जसंच्या तसं घेतलंय. मानधन मागू नका.

तरी समुद्रावरचं दुकान पाहायला म्हणून रत्नागिरीकडे जाऊन आले. तिथल्या दुकानदाराने मला फ्रीजरची मागची बाजू दाखवली. खाऱ्या वाऱ्याने जाळी पार गंजलेली, हात लावला की तपकिरी भुगा. आणि एक गंमत, अण्णा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ ला असतो तरी कोन शेवटपर्यंत कुरकुरीत राहतो. तिथे ३३ मध्ये कोन मऊ पडतो आणि गोळा घाम फुटल्यासारखा ओघळायला लागतो. हवेतली वाफ थंड गोळ्यावर बसून तिचं पाणी होतं, होताना ती उष्णता सोडते, त्याने गोळा लवकर वितळतो. म्हणजे दमट हवेत आपला माल आपल्याकडच्या उन्हातल्यापेक्षाही लवकर पाघळू शकतो. हे कळल्यावर मालिकेतल्या थोरल्याला मी पहिलंच वाक्य दिलं, "गावाकडं ऊन होतं, पण इमानदार होतं."

जून-जुलैत तिकडेही आपल्यासारखाच शुकशुकाट. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली, पर्यटक नाहीत. दुकानदार म्हणाला, या दिवसांत आम्ही भांडतो. मी वहीत लिहून घेतलं.

पाण्याचं एक दृश्य मला फार आवडतं, ते राहील की जाईल माहीत नाही. मधली बहीण शेजाऱ्याच्या अंगणातला गळका नळ रोज पहाटे गुपचूप जाऊन घट्ट करून येते, आणि सगळ्या आळीला वाटतं हिचं तिथल्या पोराशी काहीतरी आहे. मुंबईवाल्यांना त्यात नुसतं प्रेमप्रकरण दिसलं. त्यांना सांगावं लागलं की २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी यायचं, ५० वाघिणी, २५ लाख लिटर, आणि जे मांजरा धरण आटल्याने लातूरवर अशी वेळ आली त्याच धरणाचं पाणी आपल्याही नळाला येतं. त्या उन्हाळ्यात अण्णा स्कूप धुवायच्या बादलीतलं पाणी संध्याकाळी मोजून तुळशीला घालायचे. असली माणसं समुद्रासमोर उभी केली की विनोद आपोआप होतो. मला काही करावं लागत नाही.

हसू मात्र ते वरून घालणार आहेत, रेकॉर्ड केलेलं. अमेरिकेत चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकात त्याचं यंत्रच केलं होतं, आत नाना तऱ्हेची हसणी टेपवर भरून ठेवलेली, बटण दाबलं की खो-खो. मी विरोध केला, चालला नाही. आई, मावशीला एकदा माइकसमोर बसवलं असतं तर हा खर्च वाचला असता.

आई, तुझं सीताफळ मी पूर्ण भागभर घेतलंय. बालाघाटातली फळं आली की ओसरीवर तू चाळण उपडी धरून गर घासायचीस, बिया एका बाजूला टकटक पडायच्या, बोटं सुरकुतायची आणि नखं काळी व्हायची. गर कधी चुलीवर चढवायचा नाही, तापला की कडवट होतो. दूध आटवून, गार करून, मग त्यात गर. मालिकेत धाकटा घाईघाईत गरच उकळतो आणि पंचवीस लिटर आइस्क्रीम कडू होतं. बर्फाच्या लादीवर पोतं टाकून मोगरीने ठोकणं, लाकडी बादलीत बर्फ आणि खडेमीठ एकाआड एक भरणं, मीठ जास्त पडलं की कडेचं आइस्क्रीम दगडासारखं होणं, सगळं आहे. पॉटचा दांडा फिरवायला दादा आणि बाळू कसे "तुझे शंभर झाले, आता तू" म्हणून भांडायचे तेही आहे. दोघं आकडे गाळायचे.

आता अण्णा, जरा तुमच्याशी बोलायचंय.

सिटकॉमचा एक नियम असतो. भाग संपताना सगळं जिथल्या तिथे यायला पाहिजे. आज दुकान जळायला आलं, कुणी घर सोडून निघालं, तरी शेवटी माणसं आपापल्या जागी. पुढच्या भागात कोरी पाटी. हे मी कागदावर लिहीत होते आणि एकदम लक्षात आलं की आपलं दुकान असंच चाललंय. दादाच्या कानशिलावर पांढरे केस आलेत, पोरगी बारावीला आहे, आणि अजून फ्रीजरची रबरपट्टी बदलायची तरी तो गल्ल्यासमोर उभा राहून "अण्णा, साडेसातशे लागतेत" म्हणतो. गल्ल्याची किल्ली तुमच्या बंडीच्या आतल्या खिशात. अंघोळीला गेलात की बंडी खुंटीला, आणि खुंटीवर आईची नजर. बाळू सकाळी एक डोकं लढवतो, दुपारी तुम्ही "बघू" म्हणता, रात्री शटर पडतं, सगळे जिथल्या तिथे.

सीताफळाच्या डब्यांचंच घ्या. अर्ध्या लिटरचे डबे भरून लातूरला, इथे संभाजीनगरला द्यायचे, हे दादा किती दिवस म्हणतोय. त्याने सगळी माहिती काढलीय. डब्यावर आइस्क्रीम असं छापायचं तर दुधातली स्निग्धता निदान १० टक्के लागते. वनस्पती तेलावर केलेल्या मालाला "फ्रोझन डेझर्ट" लिहावं लागतं. आपलं म्हशीचं दूध, त्यात आटवलेलं, आपल्याला कशाची भीती? बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, गर गोठवून ठेवला तर दिवाळीनंतरही माल निघतो. तुम्ही म्हणालात, "डब्यात भरून विकायला आपण कंपनी हाव का?" दादा गप्प झाला. तो गप्प होतो हेच मला खटकतं, अण्णा. तो लहानपणी गप्प बसणारा नव्हता.

तुम्ही घरी बसा असं मी म्हणत नाही. तुम्ही दुकानात नसलात तर जुनी गिऱ्हाइकं आत पाय टाकायची नाहीत, हे मला कळतं. खुर्ची तुमचीच राहू द्या, दारातली, वाऱ्याची. फक्त गल्ला दादाकडे द्या. संध्याकाळी हिशेब विचारा, चुकला तर रागवा. एका सीताफळाच्या हंगामापुरतं करून बघा. डबे नाही खपले तर आपल्या गल्लीत वाटू, आई हळदीकुंकवाला लुटेल.

मालिकेत मी असंच केलंय. वडील अंबाजोगाईहून रोज रात्री फोन करतात, "गल्ला किती झाला?" आणि पोरं तीन वेगवेगळे आकडे सांगतात. वडील दिसत नाहीत, नुसता आवाज. त्या आवाजासाठी नट शोधणं चालू आहे. मला एकाचाही आवाज पटेना. सगळे फार गोड बोलतात.

तिसऱ्या भागाचं वाचन इथेच, माझ्या खोलीवर आहे, चार-पाच जणांपुरतं. तुम्ही दोघं या. एसटीने नको, बाळूला गाडी काढायला सांगा. येताना पॉटचा लाकडी पिंप माळ्यावरून उतरवून आणता आला तर पाहा, सेटवाल्याला मापं घ्यायचीत. फळ्या सुकून सुटल्या असतील, तर रात्रभर पाणी भरून ठेवा, फुगून पुन्हा बसतील.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
धाकटी

ता. क. हे पत्र दादाला दाखवू नका. त्याला वाटेल, अण्णांना वाटलं असेल की त्यानेच मला लिहायला लावलं. त्याने नाही लावलं. वहिनीने लावलंय.